मत्स्य-अधिवासाचे संख्यात्मक मोजमाप आणि हंगामी नदी : पैनगंगेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

प्राणिशास्त्राच्या क्षेत्रीय अभ्यासात 'अधिवास' ही संज्ञा आता सर्रास वापरली जाते. मासा नदीच्या ज्या भागात खातो, लपतो, अंडी घालतो आणि प्रतिकूल दिवस काढतो तो भाग म्हणजे त्याचा अधिवास, असा तिचा साधा अर्थ. हा अधिवास चांगला की वाईट हे शब्दांत न सांगता अंकांत सांगावे, असा आग्रह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम अमेरिकेत आणि पुढे जगभर धरला गेला. त्याचे कारण उघड होते. धरण बांधणारा अभियंता घनमीटरच्या भाषेत बोलत असे आणि माशांची बाजू मांडणाऱ्याजवळ केवळ विशेषणे असत. विशेषणांचा घनमीटरपुढे निभाव लागत नाही.

या आग्रहातून जी सूत्रे, निर्देशांक आणि संगणकीय प्रतिमाने तयार झाली ती आज भारतीय विद्यापीठांतील संशोधनातही रुळली आहेत. तथापि ती ज्या नद्यांवर घडली त्या नद्या आणि ज्या नद्यांवर ती लावली जात आहेत त्या नद्या यांत मूलभूत फरक आहे. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातून, ढाणकी परिसराजवळून वाहणाऱ्या पैनगंगेचा आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांचा संदर्भ घेऊन या पद्धतींच्या गृहीतकांची चिकित्सा केली आहे. बारमाही प्रवाहासाठी बेतलेली सूत्रे हंगामी नदीतील माशांच्या सर्वांत मोलाच्या आश्रयाला, म्हणजे उन्हाळ्यातील डोहाला, शून्याजवळ आणून ठेवतात, हा या लेखातील मुख्य आक्षेप आहे.

पैनगंगेचे वर्ष

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, वाशीम, हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या जिल्ह्यांना स्पर्श करीत पूर्वेकडे जाते व पुढे वर्धा नदीस मिळते. मधल्या मोठ्या टप्प्यात ती विदर्भ व मराठवाडा यांची सीमा आहे. ढाणकीच्या वरच्या अंगाला ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे इसापूर धरण असून त्याचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आहे. खालच्या अंगाला पैनगंगा अभयारण्य आणि सहस्रकुंडचा धबधबा आहे. म्हणजे एका बाजूस पाणी अडवणारी भिंत आणि दुसऱ्या बाजूस माशांच्या वरच्या दिशेच्या प्रवासात नैसर्गिक अडथळा ठरू शकणारा कडा, यांच्या मधला हा नदीखंड आहे. अधिवासाच्या अभ्यासकाला याहून बोलके क्षेत्र क्वचितच मिळेल.

या भागातील पावसाचा बहुतांश वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आषाढ-श्रावणात नाले दुथडी भरून वाहतात, भाद्रपदानंतर पाणी निवळते, दिवाळीनंतर धार बारीक होत जाते आणि शिमग्याच्या सुमारास बहुतेक नाल्यांत वाहते पाणी उरत नाही. मुख्य नदीचीही धार धरणातून पाणी सोडले नाही तर अनेक ठिकाणी तुटते. मग शिल्लक राहतात ते डोह. पात्रातील खडकाच्या खोलगट भागात, वळणावर किंवा मोठ्या झाडांच्या मुळांशी साचलेले हे पाणी एकमेकांपासून तुटलेले असते. नदीतील मासे मृगाच्या पहिल्या लोंढ्यापर्यंत त्यातच जगतात किंवा मरतात.

ही स्थिती अपवादात्मक मानण्याची सवय जलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी लावली आहे. वस्तुतः २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मेसाजे आणि सहकाऱ्यांच्या जागतिक अभ्यासानुसार जगातील नद्यांच्या एकूण लांबीपैकी ५१ ते ६० टक्के लांबीत वर्षातून किमान एक दिवस तरी प्रवाह थांबतो. पैनगंगेचे नाले अपवाद ठरत नाहीत. अपवाद ठरतात ते ज्यांवर सूत्रे घडली ते थंड, बारमाही झरे.

सूत्रांची वाटचाल

अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने १९८० साली अधिवास मूल्यमापनाची एक कार्यपद्धती प्रसिद्ध केली. तिच्या केंद्रस्थानी अधिवास योग्यता निर्देशांक होता. पाण्याची खोली, वेग, तळाचा प्रकार, आडोसा, तापमान, विरघळलेला प्राणवायू अशा प्रत्येक घटकाला शून्य ते एक या दरम्यान गुण द्यायचा आणि ते गुण एकत्र करून त्या प्रजातीसाठी एक अंक काढायचा, ही तिची रीत. निर्देशांकाला क्षेत्रफळाने गुणले की 'अधिवास एकके' मिळतात. प्रकल्पाआधी किती एकके होती आणि प्रकल्पानंतर किती उरली, याचा हिशेब त्यामुळे मांडता येऊ लागला. पुढील काही वर्षांत ट्राउटच्या विविध जातींसह अनेक प्राण्यांसाठी असे निर्देशांक तयार झाले.

याच सुमारास कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथे प्रवाहाधारित पद्धतीचा विकास झाला. केन बोवी यांची १९८२ ची मार्गदर्शिका ही तिची प्रसिद्ध मांडणी होय. नदीच्या आडव्या छेदांवर खोली व वेग मोजायचे, जलगतिकीच्या सूत्रांनी निरनिराळ्या विसर्गांना ते किती असतील याचा अंदाज बांधायचा, प्रत्येक चौकटीला योग्यतेचा गुण द्यायचा आणि सर्वांची बेरीज करून 'भारित उपयुक्त क्षेत्र' काढायचे. फॅबसिम या नावाने ओळखले जाणारे संगणकीय प्रतिमान यावरच उभे आहे. विसर्ग अमुक घनमीटरने घटवला तर माशांचे क्षेत्र तमुक चौरस मीटरने घटेल, असे वाक्य प्रथमच न्यायालयात किंवा लवादापुढे म्हणता येऊ लागले. ही कामगिरी लहान नाही आणि पुढील आक्षेपांमुळे ती कमी होत नाही.

प्रारंभीच्या काळातील यशाचा एक नमुना म्हणून वायोमिंग राज्यातील बिन्स व आयझरमन यांच्या १९७९ च्या निर्देशांकाचा उल्लेख केला जातो. ३६ प्रवाहांवरील माहितीत या प्रतिमानाने ट्राउटच्या साठ्यातील सुमारे ९६ टक्के फरकाचे स्पष्टीकरण दिले. जैवशास्त्रात असा आकडा क्वचितच दिसतो, आणि म्हणूनच तो सावधपणे वाचला पाहिजे. कर्ट फॉश आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली १९५० ते १९८५ या काळातील अशा ९९ प्रतिमानांचा आढावा घेतला. त्यांत अनेकांचा आधार अत्यल्प नमुन्यांवर असल्याचे आणि स्वतंत्र प्रवाहांवर पडताळणी फारच थोड्यांची झाल्याचे त्यांनी दाखवून दिले. ज्या माहितीवर सूत्र बेतले त्याच माहितीवर ते तपासले तर ते जुळणारच. अंगरखा ज्याच्या मापाने शिवला त्यालाच घालून पाहण्यासारखे ते आहे.

प्रवाहाधारित पद्धतीवरचा आक्षेप याहून मूलगामी होता. माथूर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली कॅनडातील मत्स्यविज्ञान नियतकालिकात लिहिलेल्या चिकित्सेत दोन गोष्टी ठामपणे मांडल्या. खोली, वेग आणि तळ हे घटक एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे समजून त्यांचे गुण गुणले जातात, परंतु मासा त्यांचा अनुभव एकत्रितच घेतो. आणि भारित उपयुक्त क्षेत्र वाढले की माशांचे वजनी प्रमाणही वाढते, या गृहीतकाला पुरेसा पुरावा नाही. तीन दशकांनंतर, २०१६ साली, स्टीव्हन रेल्सबॅक यांनी तर फॅबसिमला आता निवृत्त करावे अशी उघड शिफारस केली. महाराष्ट्रातील अभ्यासकांनी ही चर्चा वाचणे आवश्यक आहे, कारण पद्धत आयात करताना तिच्यावरचे आक्षेप बहुधा बंदरातच राहून जातात.

शून्याचा प्रश्न

वरील आक्षेप बारमाही नद्यांतील अभ्यासकांनी घेतले. हंगामी नदीत एक निराळाच पेच उभा राहतो आणि तो साध्या अंकगणिताने दाखवता येतो.

समजा, एप्रिल महिन्यात पात्रातील एका डोहात खोली भरपूर आहे, तळाशी गोटे व कपारी आहेत आणि पाणी मात्र स्थिर आहे. प्रवाहप्रिय माशासाठी तयार केलेल्या वक्रानुसार खोलीस १.०, तळास ०.८ आणि वेगास ० असे गुण मिळाले. तीनही गुणांचा गुणाकार केला तर उत्तर शून्य. भूमितीय मध्य काढला तरी शून्य. सर्वांत कमी गुण हाच निर्णायक मानला तरी शून्यच. साधी अंकगणिती सरासरी घेतली तर मात्र ०.६. डोह तोच, त्यातील मासेही तेच, परंतु एका सूत्राने तो निर्जन ठरतो आणि दुसऱ्याने तो बऱ्यापैकी उत्तम ठरतो. कोणते सूत्र घ्यावे याचा निर्णय बहुतेक शोधनिबंधांत एका वाक्यात, कित्येकदा कोणतेही कारण न देता, उरकलेला असतो. संख्येच्या आड दडलेला हा निर्णय खऱ्या अर्थाने संशोधकाचा असतो. त्याचे श्रेय वा दोष सूत्राला देता येत नाही.

यावर असे उत्तर दिले जाईल की दोष वक्राचा आहे, पद्धतीचा नाही. स्थानिक माशांसाठी स्थानिक वक्र काढावा. उत्तर रास्त आहे, पण त्याने पेच सुटत नाही. मल्या या माशाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा अवयव असतो, त्याच्या आधाराने तो वाहत्या पाण्यात खडकाला चिकटून राहतो आणि खडकावरचे शेवाळ खरवडून खातो. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, खळाळत्या भागात नमुने घेतले तर वक्र सांगेल की त्याला वेग हवा. मे महिन्यात नमुने घेतले तर सर्व मासे स्थिर पाण्यातच सापडतील आणि वक्र सांगेल की शून्य वेग सर्वोत्तम. पहिला वक्र आवड दाखवतो, दुसरा नाइलाज. दोघांची सरासरी काढल्यास जे मिळते त्याला कोणताही जैविक अर्थ उरत नाही.

वापर भागिले उपलब्धता असे गुणोत्तर काढून ही अडचण दूर करता येते, असे पद्धतीचे पुरस्कर्ते सांगतात. परंतु निवडीला वाव असेल तरच गुणोत्तराला अर्थ. तुटलेल्या डोहात एकच वेग उपलब्ध असतो, तो म्हणजे शून्य. ज्याच्यापुढे एकच ताट वाढले आहे त्याची आवड ताटावरून कळत नाही.

मरळ या माशाच्या बाबतीत हीच गोष्ट प्राणवायूसंबंधी म्हणता येते. डोक्यातील पूरक श्वसनपोकळीमुळे मरळ पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेते. विरघळलेल्या प्राणवायूचा ट्राउटसाठी ठरवलेला उंबरठा तिला लावणे म्हणजे मोजमापाच्या नावाखाली केलेली चूकच. त्याच डोहातील अन्य लहान माशांना मात्र तो उंबरठा काही अंशी लागू पडतो. म्हणजे एकाच पाण्याला एका जातीसाठी चांगले आणि दुसऱ्या जातीसाठी घातक असे गुण द्यावे लागतील. 'डोहाचा निर्देशांक' असा एकच अंक देणे मग कठीण होते.

याहून अवघड प्रश्न घनतेचा आहे. उन्हाळा वाढतो तसा डोह आकुंचन पावतो आणि उरलेले मासे कमी पाण्यात दाटतात. दर चौरस मीटरला सापडणाऱ्या माशांची संख्या मे महिन्यात सर्वाधिक असू शकते. घनता हा अधिवासाच्या गुणवत्तेचा पुरावा मानणारे कोणतेही समाश्रयण समीकरण अशा माहितीवरून सांगेल की डोह जितका लहान तितका अधिवास चांगला. बियाट्रिस व्हॅन हॉर्न यांनी घनता हा अधिवासाचा दिशाभूल करणारा निदर्शक ठरू शकतो असे १९८३ मध्येच लिहिले होते. त्यांचा विषय वन्यजीवांचा होता. आटत्या डोहात त्याचे उदाहरण उघड्या डोळ्यांना दिसते. ज्या दिवशी जाळ्यात सर्वांत जास्त मासे येतात तो दिवस बहुधा त्या डोहाच्या शेवटच्या दिवसांपैकी असतो.

सरासरीचा प्रश्न

नदीत किती पाणी ठेवावे यासाठी सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत लोकप्रिय पद्धत डोनाल्ड टेनंट यांची. मोंटाना, वायोमिंग व नेब्रास्का या राज्यांतील ११ प्रवाहांवर १९६४ ते १९७४ या काळात केलेल्या निरीक्षणांच्या आधारे त्यांनी १९७६ साली ती प्रसिद्ध केली. सरासरी वार्षिक प्रवाहाच्या १० टक्के पाणी असेल तर जलचर कसेबसे तगतात, ३० टक्क्यांना अधिवास बरा राहतो, ६० टक्क्यांना उत्तम, असा तिचा सारांश. वर्षाचे सहा-सहा महिन्यांचे दोन भाग करून त्यांनी निरनिराळी शिफारस केली होती, हे उद्धृत करताना पुष्कळदा विसरले जाते.

मोसमी नदीवर ही टक्केवारी लावल्यास काय होते ते पाहू. समजा, एखाद्या नदीचा सरासरी प्रवाह १०० एकके आहे आणि वर्षभरातील पाण्यापैकी ९० टक्के पाणी चार महिन्यांत वाहून जाते. मग त्या चार महिन्यांतील सरासरी प्रवाह २७० एकके होतो आणि उरलेल्या आठ महिन्यांचा केवळ १५. या १५ मध्येही ऑक्टोबर-नोव्हेंबरचा वाटा मोठा असतो. १० टक्क्यांचा नियम म्हणजे १० एकके पाणी. पावसाळ्यात ते प्रवाहाच्या चार टक्क्यांहूनही कमी भरते. पूर, त्याबरोबर येणारा गाळ, पात्राची धुलाई, वरच्या दिशेला जाऊन अंडी घालणाऱ्या माशांना मिळणारा इशारा, यांपैकी काहीही त्यातून साधत नाही. उन्हाळ्यात मात्र हेच १० एकके पाणी नदीत निसर्गतःच नसते. एकच आकडा पावसाळ्यात निरर्थक आणि उन्हाळ्यात अशक्य ठरतो. सरासरी ही वर्षभर सारख्या चालणाऱ्या वस्तूची असते. पैनगंगेच्या वर्षात सरासरी दिवस असा जवळजवळ नसतोच.

केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली. तीत नोव्हेंबर ते मार्चसाठी २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मेसाठी २५ टक्के आणि जून ते सप्टेंबरसाठी ३० टक्के असे निरनिराळे प्रमाण ठरवले आहे, आणि ते वार्षिक सरासरीवर आधारलेले नसून मागील दहा-दहा दिवसांच्या प्रवाहाशी निगडित आहे. टेनंटच्या नियमापेक्षा हा निश्चितच पुढचा टप्पा आहे. तथापि गंगेला बर्फ वितळून पाणी मिळते. दख्खनच्या पठारावरील नदीत मागील दहा दिवसांचा प्रवाहच शून्य असेल तर त्याचे ३० टक्के शून्यच होतात. म्हणून हा ढाचाही येथे जसाच्या तसा उचलता येणार नाही. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेसाठी स्माख्टिन व अनपुथास यांनी २००६ साली गोदावरीसह भारतातील प्रमुख खोऱ्यांच्या पर्यावरणीय प्रवाहाचा अंदाज प्रसिद्ध केला. तो खोऱ्याच्या पातळीवर उपयोगी आहे, परंतु ढाणकीजवळच्या एखाद्या डोहात मे महिन्यात काय घडते हे त्यातून कळण्याची अपेक्षा ठेवणे त्यांच्यावरही अन्याय होईल.

यादी, बाजार आणि निर्देशांक

आयात सूत्रांचे दोष दाखवताना आपल्या महाविद्यालयीन संशोधनाची स्थितीही तपासली पाहिजे. अमुक जलाशयातील वा तमुक नदीतील मत्स्यविविधता या प्रकारच्या निबंधांचा एक ठरावीक साचा झाला आहे. पाण्याचे तापमान, सामू आणि प्राणवायू यांचा तक्ता, त्यानंतर आढळलेल्या प्रजातींची यादी, त्यानंतर शॅनन निर्देशांक आणि शेवटी विविधता समाधानकारक असल्याचे विधान. यात मासे किती वेळ, कोणत्या जाळ्याने, पात्राच्या किती लांबीत पकडले याची नोंद बहुधा नसते. ती नसेल तर दोन वर्षांतील किंवा दोन ठिकाणांतील आकड्यांची तुलना करता येत नाही, आणि तुलना करता येत नसेल तर आकड्यांचा उपयोगच काय?

नमुने बाजारातून घेतले असतील तर प्रश्न आणखी बिकट होतो. ढाणकीसारख्या गावाच्या बाजारात विक्रीला येणारा मासा नदीतला असू शकतो, धरणाच्या जलाशयात सोडलेल्या बीजाचा असू शकतो किंवा शेततळ्यातलाही असू शकतो. कटला, रोहू, मृगळ यांची नोंद झाल्याने नदीचा अधिवास सुधारला असे म्हणणे धाडसाचे होईल. शॅनन निर्देशांकाला मात्र याचे काहीच सोयरसुतक नसते. सारख्या प्रमाणातील पाच प्रजातींसाठी तो १.६१ येतो. त्या पाचही स्थानिक असोत वा त्यांत तिलापियासह तीन बाहेरच्या असोत, उत्तर तेच. निर्देशांक प्रजातींची संख्या आणि प्रमाण पाहतो, प्रजाती पाहत नाही.

याच्या तुलनेत जेम्स कार यांनी १९८१ साली सुचवलेला जैविक अखंडता निर्देशांक अधिक समजूतदार म्हणावा लागेल. त्यात १२ निकष आहेत आणि ते प्रजातींची ओळख, त्यांचा आहार, सहनशीलता आणि रोगग्रस्तता विचारात घेतात. गणासन आणि ह्यूज यांनी १९९८ साली मध्य प्रदेशातील खान व क्षिप्रा या नद्यांवर हा निर्देशांक स्थानिक माशांनुसार बदलून वापरला. माळव्याचे पठार आणि आपला प्रदेश यांतील भूरचनेचे साम्य लक्षात घेता विदर्भातील अभ्यासकांना हा निबंध अधिक जवळचा वाटावा. त्याची अडचण एवढीच की त्याला तुलनेसाठी एक बिनबिघडलेली नदी किंवा जुनी नोंद लागते. पुण्याजवळच्या मुळा-मुठेला ती लाभली. फ्रेझर यांची १९४२ ची आणि सुटर यांची १९४४ ची नोंद हाताशी असल्यामुळे खरात, डहाणूकर, राऊत व घाटे यांना २००३ साली 'करंट सायन्स'मध्ये सहा दशकांतील बदल मांडता आला. जुनी साधी यादीही किती मोलाची ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय. म्हणजे यादी करण्यात दोष नाही. ती पन्नास वर्षांनी कोणाला उपयोगी पडेल अशा रीतीने न करण्यात आहे.

डोहाचे मोजमाप

मग हंगामी नदीत काय मोजावे? अमेरिकेच्या वनसेवेतील थॉमस लाइल यांनी १९८७ साली सुचवलेली 'शिल्लक खोली' ही कल्पना येथे विशेष लागू पडते. डोहाच्या सर्वांत खोल बिंदूची खोली मोजायची आणि डोहातून पाणी ज्या उंचवट्यावरून खाली उतरते तेथील खोली तिच्यातून वजा करायची. डोहात दोन मीटर आणि उंचवट्यावर ३० सेंटिमीटर पाणी असेल तर शिल्लक खोली १.७ मीटर. प्रवाह थांबला तर उंचवट्यापर्यंत डोहात जेवढे पाणी राहील तेवढीच ही खोली. ती मोजण्याच्या दिवशीच्या विसर्गावर अवलंबून नसते, त्यामुळे नोव्हेंबरातील आणि फेब्रुवारीतील मोजमाप जुळवता येते. यासाठी वेगमापक लागत नाही. खुणा केलेली काठी, फीत आणि पाण्यात उतरायला तयार असलेले चार विद्यार्थी पुरतात. ज्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचे अनुदान तुटपुंजे आहे त्यालाही हे जमण्यासारखे आहे.

लाइल यांचे प्रवाह आपल्या नाल्यांसारखे आटत नसत. म्हणून येथे शिल्लक खोलीला आणखी तीन नोंदींची जोड द्यावी लागेल. डोह प्रवाहापासून कोणत्या तारखेला तुटला आणि पुन्हा कोणत्या तारखेला जोडला गेला. तुटल्यानंतर पाण्याची पातळी दर पंधरवड्यास किती उतरली. आणि ही उतार केवळ बाष्पीभवन व झिरप यांमुळे झाली की रब्बीच्या वा उन्हाळी पिकासाठी डोहात मोटारपंप बसवल्यामुळे. तिसरी नोंद कोणत्याही अमेरिकन निर्देशांकात सापडणार नाही, आणि पैनगंगेच्या काठी ती कदाचित सर्वांत निर्णायक असेल.

रेतीचा उपसा आणि नाला खोलीकरण यांच्या बाबतीत खोलीच्या गुणांचा विशेष विचार करावा लागतो. डिसेंबर २०१४ पासून जलयुक्त शिवार अभियानांतर्गत राज्यभर नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण करण्यात आले. खोलीलाच अधिक गुण देणाऱ्या निर्देशांकानुसार यंत्राने कोरलेला, दोन्ही काठ सरळ तासलेला नाला हा पूर्वीच्या ओबडधोबड नाल्यापेक्षा चांगला अधिवास ठरेल. परंतु मूळ नाल्यात उथळ खळाळ, गोट्यांचा पट्टा, मुळांखालची कपार आणि डोह असे चार प्रकार एकमेकांना लागून होते. कोरलेल्या नाल्यात एकच प्रकार उरतो. भूजलाच्या दृष्टीने त्या कामाचे मूल्यमापन स्वतंत्रपणे व्हावे, त्याविषयी येथे मत देण्याचे कारण नाही. माशांच्या दृष्टीने मात्र सरासरी खोलीऐवजी खोलीतील विविधता मोजली पाहिजे, हे यावरून स्पष्ट होते.

या सर्व नोंदींचा एक आधार अद्याप फारसा वापरला गेलेला नाही. विल्यम साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी होते. आकडे गोळा करणे हीच त्यांची नोकरी होती. त्यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा अनेक नव्या प्रजातींना स्थानिक मराठी नावेच लॅटिन वळणाने दिली. मल्या, फुलंगी, कोळस, खुद्री ही नावे आजही शास्त्रीय नामावलीत टिकून आहेत. साइक्स यांनी नावे घेतली, परंतु ती नावे ज्या ज्ञानाचा भाग होती ते ज्ञान नोंदले गेले नाही. कोणता डोह कधीच आटत नाही, कोणत्या वर्षी तो आटला होता, वाम कोणत्या कपारीत सापडते, शिंगाळा कोणत्या पाण्यात चढतो, हे पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या भोई मंडळींना ठाऊक असते. ही माहिती 'लोककथन' म्हणून परिशिष्टात टाकण्याची प्रथा आहे. वस्तुतः डोह आटल्याचे वर्ष ही काटेकोर संख्यात्मक नोंद आहे. चार-पाच जाणकारांकडून स्वतंत्रपणे घेऊन ती पावसाच्या नोंदींशी पडताळता येते. तीस-चाळीस वर्षे मागे जाणारी अशी मालिका कोणत्याही विभागाच्या दप्तरात मिळणार नाही.

केंद्रीय जल आयोगाचे पैनगंगेवर पी. जी. ब्रिज येथे मापनकेंद्र आहे, परंतु ते नदीच्या बऱ्याच खालच्या टप्प्यात आहे आणि तेथील विसर्गाच्या आकड्यांवरून वरचे डोह जोडलेले आहेत की तुटलेले, हे कळत नाही. हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. उन्हाळ्यात काठच्या गावांना पिण्याचे पाणी मिळावे म्हणून इसापूर धरणातून नदीपात्रात पाणी सोडण्याची मागणी उमरखेड व हिमायतनगर तालुक्यांतून वारंवार होते. पाणी सुटते तेव्हा किती दशलक्ष घनमीटर सुटले याची नोंद होते. ते पाणी किती डोहांना किती दिवस जोडू शकले, याची होत नाही. सोडलेले पाणी एका दमात गेले की टप्प्याटप्प्याने, त्याने आटत आलेल्या डोहाची पातळी उंचवट्यापर्यंत आली की अलीकडेच थांबली, आणि त्यानंतर आठ दिवसांत किती पंप सुरू झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे ढाणकी ते सहस्रकुंड या टप्प्यातील दहा-बारा डोहांवर एका उन्हाळ्यात मिळवता येतील. पाणी सोडण्याची तारीख बहुधा काही दिवस आधी जाहीर होते. त्या दिवसाच्या आधीची सकाळ आणि पाणी ओसरल्यानंतरचा आठवडा एवढा वेळ काठीवरच्या खुणा वाचण्यास पुरेसा आहे.